मांडीवरचा गडू

"उतरा की आण्णा जरा," मी तिसऱ्यांदा म्हटलं. "एवढा मोठा शंकर पुन्हा कधी बघणार?"

"दिसतोय की इथनं." त्यांनी मान वर करून बघितलंही नाही.

मुरुडेश्वरच्या पार्किंगमध्ये आमची भाड्याची टवेरा उभी होती. मागच्या सीटवर आण्णा, म्हणजे माझे वडील, मांडीवर तांब्याचा गडू घेऊन बसलेले. गडूला पांढऱ्या फडक्याची गाठ. जानेवारी असूनही ऊन चटकत होतं, गाडीत घामाच्या धारा लागल्या होत्या, पण म्हातारा हलायला तयार नाही. माझी बायको शैला केव्हाच पुढं गेली होती. ती तिथनंच ओरडली, "अहो, सोडा त्यांचा नाद! पालथ्या घड्यावर पाणी!"

"तुम्ही या बघून," आण्णा म्हणाले. "मी आणि दस्तगीर बसतो. फक्त लवकर या जयवंता."

दस्तगीर आमचा ड्रायव्हर, मिरजेचाच. तो बॉनेटला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला रागच आला. मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि निघालो. दीड तास लावला तिथं. लिफ्टच्या रांगेत उभं राहून गोपुरावर गेलो, वरनं समुद्राचे फोटो काढले, खाली येऊन शहाळी प्यायलो. आण्णांसाठी एक शहाळं आणलं ते त्यांनी दस्तगीरला दिलं.

गंगेचा गडू काय असतो ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. काशीहून आणलेलं पाणी, तोंड झाळून पक्कं बंद केलेलं. देवघरात असतो. माणूस शेवटच्या घटका मोजायला लागलं की तो फोडायचा आणि दोन थेंब तोंडात घालायचे. पण आमच्या ह्या गडूचं काम वेगळं होतं. आई अठ्ठ्याऐंशी साली गल्लीतल्या बायकांबरोबर काशीला गेली होती आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिनं तो स्वतः भरला होता. काशीची यात्रा नुसती काशीला जाऊन पुरी होत नाही. तिथली गंगा रामेश्वराच्या पिंडीवर नेऊन घालायची, मग ती पुरी. आण्णा एसटीच्या वर्कशॉपला फिटर. "पुढल्या वर्षी नक्की जाऊ," असं ते एकोणीस वर्षं म्हणत राहिले. आणि मग आईच गेली.

तिच्यामागं दोन वर्षांनी, शहात्तराव्या वर्षी आण्णांनी ध्यास घेतला. रामेश्वर, रामेश्वर, रामेश्वर. जेवताना तेच, झोपताना तेच. डॉक्टर म्हणाले, हृदय पार थकलंय, न्यायचं तर लवकर न्या आणि दगदग करू नका. आण्णांचं म्हणणं साधं होतं. "मला रेल्वेत बसवून दे, मदुराईला उतरतो, तिथनं चार तास. आठवड्यात घरी."

पण मी शहाणा ना! मी म्हटलं, रेल्वेत हाल होतील, गाडी करून जाऊ, आरामात. खरं सांगायचं तर मला आराम आण्णांचा नको होता. सरकारी नोकरीत बावीस वर्षं फायली हलवून मी कंटाळलो होतो, रजा साठली होती, शैलानं कधी समुद्र धड बघितला नव्हता. जातोच आहोत तर किनाऱ्याकिनाऱ्यानं जाऊ, सगळे पॉइंट होतील. हे 'जातोच आहोत तर' आपल्या माणसांच्या रक्तात आहे. पोरगी बघायला गेलो तरी वाटेतली लेणी सोडत नाही. मी ऑफिसात बसून सोळा पॉइंटची यादी टाइप केली, प्रत्येकासमोर वेळ टाकला, आणि रामेश्वर सोळाव्या नंबरला लिहिलं.

निघताना आण्णांनी एकच अट घातली. गडू रामेश्वरापर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. म्हणून तो त्यांच्या मांडीवर. त्यांना आडबाजूला जायचं झालं की प्रश्न यायचा. पहिल्याच दिवशी शैला नि मी चहाला गेलो होतो, परत आलो तर गडू दस्तगीरच्या हातात. शैलाचं तोंड वाकडं झालं. आण्णा परत आले, त्यांना ते दिसलं.

"हात धुतलेत त्यानं," ते म्हणाले. "आणि तुमच्यासारखा त्याला कुठं जायची घाई नाही."

बेकलच्या किल्ल्यावर ते उतरले नाहीत. कोझिकोडच्या बीचवर उतरले नाहीत. अलप्पुळाला मी चार तासांची बोट ठरवली, तेव्हा मात्र मला वाटलं, येतील. पाणी, नारळीची झाडं, गादीची खुर्ची, काय हवं आणखी? आण्णा काठावरच्या बाकावर बसले.

"आम्ही इथंच बरे. तू जा."

"अहो आण्णा, पैसे भरलेत तिघांचे!"

"दस्तगीरला ने मग."

दस्तगीर म्हणाला, "नको साहेब, मी थांबतो आण्णांजवळ."

आम्ही दोघंच गेलो. बोटीत केळीच्या पानावर मासे वाढले, शैलानं पहिल्यांदा चुलीकडं न बघता जेवण केलं, खूश होती बिचारी. तिला मी आजही दोष देत नाही. परत आलो तेव्हा दस्तगीरनं मला बाजूला घेतलं.

"साहेब, आण्णांच्या पायावर सूज चढलीया. बोट दाबलं की खड्डा पडतोय. मला तर काय बरं दिसत नाही. तुम्ही म्हणत असाल तर सरळ मारतो गाडी. उद्या ह्या वेळेला रामेश्वर."

"अरे, सारखं बसून सुजतात पाय," मी म्हटलं. "उतरत नाहीत ना कुठं, म्हणून. कन्याकुमारीला दोन दिवस चालवू त्यांना."

"तुमची मर्जी."

त्याच्या त्या 'तुमची मर्जी'त सगळं होतं. मला ऐकायचं नव्हतं, मी ऐकलं नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी कन्याकुमारी गाठली. भारताचं टोक! लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात बघितलेलं. आणि आकाशात हे एवढाले ढग. सूर्य कुठं बुडाला तेसुद्धा कळलं नाही. सकाळी साडेपाचला उठून गच्चीवर गेलो, पुन्हा ढग. माझं डोकंच फिरलं. खाली खोलीत आलो तर आण्णा आंघोळ करून, धोतर नेसून, गडू मांडीवर घेऊन कॉटवर तयार.

"जयवंता, आज निघू या."

"आज? आण्णा, काल ढग, आज ढग. इथवर येऊन सूर्य न बघता गेलो तर लोक तोंडात शेण घालतील."

"सूर्य मिरजेत पण मावळतोय."

शैला हसली. "आण्णांना आज थट्टा सुचायला लागली."

"थट्टा नाही पोरी. मला रात्री आडवं होता येईना. श्वास कोंडतोय. रात्र बसून काढली मी."

त्या दोन वाक्यांवर कुठल्याही शहाण्या माणसानं गाडी काढली असती. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "ह्या खोलीत हवाच कमी आहे. आज वरची खोली घेऊ."

आण्णांनी गडूवरच्या फडक्याची गाठ घट्ट केली. मग त्यांनी अगदी हळू, मला पटवायचं म्हणून नाही, सांगायचं म्हणून सांगितलं, "हे पाणी तुझ्या आईचं आहे रे. तिचं काम आहे हे. माझं नाही, तुझंही नाही."

"माहीतय मला. उद्या सकाळी सहाला निघू. दुपारी रामेश्वर. माझा शब्द."

"शब्द मीही एकोणीस वर्षं दिला," आण्णा म्हणाले, आणि उघड्या खिडकीकडं तोंड करून बसले.

त्या दिवशी आम्ही बोटीनं खडकावरचं स्मारक करून आलो. शंखशिंपल्यांच्या दुकानात शैलानं आरसा घेतला. संध्याकाळी आकाश लख्ख निवळलं, आणि सूर्यास्त असा झाला की काय सांगू. सगळा समुद्र तांबडा. लोक टाळ्या वाजवत होते. मी पण वाजवल्या. आण्णा त्या वेळी टवेरात बसले होते, काच खाली करून, तोंड उघडं टाकून हवा घेत. दस्तगीर त्यांना वर्तमानपत्रानं वारा घालत होता. हे मी परत येताना लांबनं बघितलं, आणि तरी माझ्या मनात काय आलं, तर फोटो चांगले आले असतील.

सकाळी सहाला निघालो. शब्द पाळला, बघा! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

तिरुचेंदूरचं देऊळ यादीत होतं, ते मी स्वतःहून सोडलं. एवढी अक्कल मला तोवर आली होती. तुतिकोरीनच्या पुढं मिठागरं लागली. मिठाचे पांढरे ढीग, बाभळी, आणि सरळ रस्ता. आण्णा उलट त्या सकाळी बोलत होते.

"किती राहिलं रे दस्तगीर?"

"एकशेवीस, आण्णा."

"जाशील दोन-अडीच तासात?"

"दोनच्या आत घालतो. तुम्ही फक्त नीट बसा."

पंधरा मिनिटांनी पुन्हा, "किती राहिलं?" मग पुन्हा. शैलानं मला कोपरानं ढोसलं, लहान पोरासारखं चाललंय म्हणून. नव्वद राहिलं असं दस्तगीरनं सांगितलं, त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. मी मागं वळून बघितलं. आण्णांचे ओठ निळे पडले होते, नाकपुड्या फुलल्या होत्या, छातीतनं घरघर येत होती. दोन्ही हात मात्र गडूवर घट्ट.

"दस्तगीर! दवाखाना!"

"मोठा दवाखाना रामनाथपुरमला साहेब. तीस किलोमीटर." त्यानं गाडी अशी पळवली की दोन्ही बाजूच्या बाभळी एक झाल्या. मी मधल्या सीटवरनं उडी मारून मागं गेलो, आण्णांना छातीशी धरलं. घामानं भिजले होते. अंग गार.

शैला रडत ओरडायला लागली, "अहो, बघत काय बसलाय? गंगा घाला! तोंडात गंगा घाला त्यांच्या! तशीच नाही जाऊ द्यायची माणसं!"

मी गडूला हात घातला. आण्णांनी मान हलवली. नको.

"आण्णा, दोन थेंब. बरं वाटेल."

"नको," ते म्हणाले. स्पष्ट म्हणाले. मी ऐकलं.

पुढनं दस्तगीर बोलला, "साहेब, त्यांनी नको म्हटलंय. राहू द्या. ते रामेश्वराचं आहे म्हणून मला रोज सांगत होते."

"तू गाडी चालव!" मी ओरडलो. "स्क्रू ड्रायव्हर कुठाय?"

बाप मरतोय, बाजूला गंगा आहे, आणि मुलगा ती घालत नाही, असं आमच्यात कधी झालंय का? उद्या गावात काय सांगू? आणि त्याहून खरं म्हणजे मी घाबरलो होतो, माझ्या हातात करण्यासारखं तेवढं एकच उरलं होतं. सीटखालच्या पेटीतनं मी स्क्रू ड्रायव्हर काढला. गडू त्यांच्या हातातनं ओढून घेतला. हो, ओढून. मरणाऱ्या माणसाच्या बोटांत इतकी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. फडकं ओढून काढलं, झाकणाच्या कडेला टोक घालून दाबलं, झाळलेला जोड सुटला, एकवीस वर्षांचं पाणी माझ्या मनगटावर उडालं.

मी गडूचा काठ त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी दात मिटले.

"आण्णा, उघडा तोंड. आण्णा!"

त्यांनी तोंड फिरवलं. मी हनुवटी धरून पुन्हा वळवलं आणि ओतलं. पाणी दातांवरनं उतरलं, गळ्यावरनं, सदऱ्यातनं, खाली सीटच्या कव्हरवर. थोडं आत गेलं असेल, कारण एक ठसका लागला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या नजरेत, राग असता तर मी कुठंतरी सोसला असता. हरलेला माणूस बघतो तसं बघितलं, आणि ते गेले. तो ठसका माझ्यामुळं लागला की काय, हे मी आजवर कुठल्याही डॉक्टरला विचारलेलं नाही. छाती होत नाही.

रामनाथपुरमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासायचं म्हणून तपासलं, कागद केले. व्हरांड्यातनं मी मिरजेला बहिणीला, विजूला, फोन लावला. दोघांनी आधी नुसतं रडून घेतलं. मग मी, तिला तेवढाच दिलासा म्हणून, सांगितलं, "शेवटी गंगा मिळाली विजू त्यांना. गडू फोडला मी. माझ्या हातानं घातली."

पलीकडं तिनं नाक ओढून रडणं आवरलं.



"कुठला गडू दादा? आईचा?"

"मग दुसरा कुठला?"

"आणि घेतली त्यांनी?"

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही. "नाही. दात मिटले."

"अरे देवा," विजू म्हणाली. "काय केलंस दादा हे."

मग तिनं सांगितलं. आई गेली तेव्हा मी पुण्याला ट्रेनिंगला होतो, घरी विजू आणि आण्णाच. शेजारच्या बायका जमल्या होत्या, सगळ्यांचं एकच, गंगा घाला, गंगा घाला. आण्णांनी देवघरातनं हाच गडू उचलून आणला, पक्कड आणली. आईनं ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

"आई म्हणाली, 'ती रामेश्वराची आहे. माझ्यासाठी फोडाल तर बघा. मला नळाचं द्या.' आण्णा लहान पोरासारखे रडले रे. फुलपात्रातनं नळाचं पाणी घातलं तिच्या तोंडात. आणि तिचा हात धरून म्हणाले, 'मी पोचवतो. आणि माझ्या मरणालाही ह्यातला थेंब घेणार नाही.' ते ऐकूनच तिनं डोळे मिटले."



"मला का नाही सांगितलंत कुणी?"

"तू आलास तेव्हा तिला अंगणात आणली होती. मी सांगणारच होते. आण्णांनी मला आत ओढलं. म्हणाले, त्याला सांगू नको. आधीच उशीर झाला म्हणून हंबरडा फोडतोय. आईला शेवटचं पाणी नळाचं मिळालं हे कळलं तर आयुष्यभर मनाला लावून घेईल पोरगं."

समोर दवाखान्याच्या आवारात दस्तगीर उभा होता. गडू त्याच्या दोन्ही हातांत. दोन तास झाले होते, त्यानं तो खाली ठेवला नव्हता.

"विजू, निम्मं पाणी आहे अजून गडूत," मी म्हटलं. मला एकदम आशा वाटली. वेड्यासारखी वाटली. "ते नेतो की मी. ते घालतो पिंडीवर."

विजूनं विचारलं, "काठ ओठांना लागला होता का दादा त्यांच्या?"

"लागला होता."

"मग उष्टं ते. उष्टं पाणी देवाला कसं चालेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच अग्नी दिला. ओळख ना पाळख, तरी चार तमिळ माणसं खांदा द्यायला आली. त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना, त्यामुळं कुणी सांत्वन केलं नाही, ते एक बरं झालं. गडूतलं पाणी मी स्मशानातल्या चिंचेच्या बुंध्याशी ओतून टाकलं. दुपारी अस्थींचं गाठोडं घेऊन गाडीपाशी आलो. शैला डोळे पुसत आत बसली होती.

"साहेब," दस्तगीर म्हणाला, "रामेश्वर इथनं तासाभराची वाट आहे. सुतक आहे, देवळात जाता येणार नाही, कबूल. पण अस्थी तिथल्या समुद्रात सोडता येतात, कालच मी विचारून ठेवलंय. तेवढे तरी पोचतील आण्णा."

"चला हो," शैला म्हणाली. "तेवढं तरी करा त्यांच्यासाठी."

त्यांचं काही चुकत नव्हतं. कुणीही हेच सांगेल. पुढं मिरजेत सगळ्यांनी मला हेच विचारलं, इतक्या जवळ जाऊन असं कसं परत आलात. पण आण्णा ज्या कामासाठी निघाले होते ते मी गाडीच्या सीटवर सांडलं होतं. आता त्यांना रिकाम्या हातानं तिथं न्यायचं, आईच्या समोर उभं करायचं, हे माझ्याच्यानं होईना.

"मिरज," मी म्हटलं.

दस्तगीरनं चावी फिरवली नाही. "साहेब, एकदा विचार करा. पुन्हा येणं होणार नाही."

"मिरज."

त्यानं गाडी वळवली.